उतारवयातील चेहरा आणि शंभर पाण्यांचे तूप

दसरा झाला, की आपल्या मराठवाड्यातली हवा बदलते. पहाटे गारठा, दुपारी चटका देणारे ऊन आणि हवेतली ओल मात्र नाहीशी. दोरीवर टाकलेले लुगडे बघता बघता वाळते. तशीच आपली कातडीही वाळते. या दिवसांत माझ्या दवाखान्यात एक तक्रार हमखास ऐकू येते. "डॉक्टर, तोंड धुतलं की चेहरा ताणल्यासारखा होतो. हसलं तरी कातडी तडकेल की काय असं वाटतं." असे सांगणाऱ्यांत पन्नाशी-साठी ओलांडलेल्या स्त्रिया अधिक. पण उभा जन्म रानात उन्हात काढलेले आजोबाही त्यात असतात.

याच विषयावर वाचकांची पत्रेही आली आहेत. बाजारातली महागडी क्रीम परवडत नाहीत, दूरदर्शनवरच्या जाहिरातींवर विश्वास बसत नाही, तेव्हा वय झालेल्या त्वचेसाठी घरच्या घरी काही करता येईल का, असा बहुतेकांचा प्रश्न आहे. करता येते. त्यासाठी लागणारी मुख्य वस्तू आपल्या फडताळात आहे. पण आधी त्वचेला नेमके काय हवे असते, ते समजून घेऊ. ते कळले म्हणजे काय करायचे हेही कळते आणि कशाच्या मागे लागायचे नाही हेही कळते.

वयाबरोबर काय बदलते?

त्वचेचा सर्वांत वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो. पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्यामधले स्निग्ध द्रव्य म्हणजे चुना. हा चुना भक्कम असेल, तर आतले पाणी बाहेर जात नाही आणि बाहेरची धूळ, साबण, जंतू आत शिरत नाहीत. वय वाढते तसा चुना कमी होतो. भिंतीला बारीक फटी पडतात आणि त्यांतून आतली ओल उडून जाते.

शिवाय त्वचेला स्वतःचे तेल असते. तारुण्यात ज्या तेलकट चेहऱ्याचा आपण राग राग करतो, ते हेच तेल. पाळी गेल्यानंतर स्त्रियांमध्ये ते हळूहळू घटत जाते. पुरुषांत ही घट बरीच उशिरा येते. म्हणून एकाच घरात, एकाच हवेत आजीचा चेहरा कोरडा पडतो आणि आजोबांचा तुलनेने बरा राहतो. त्वचेला आतून आधार देणारे तंतू असतात, त्यांना कोलॅजन म्हणतात. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या ५ वर्षांतच त्यातला सुमारे ३० टक्के भाग कमी होतो, असे मानले जाते. त्यामुळे त्वचा पातळ आणि सैल पडते.

उरलेले काम ऊन करते. याचा पुरावा प्रत्येकाच्या अंगावर आहे. आरशासमोर उभे राहा आणि दंडाची आतली, काखेकडची बाजू चेहऱ्याशेजारी धरून पाहा. दोन्हींचे वय एकच. पण दंडाची ती बाजू मऊ आणि एकसारख्या रंगाची, तर चेहऱ्यावर डाग आणि सुरकुत्या. हा फरक मुख्यतः उन्हाचा आहे.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. कोलॅजनची घट आणि वर्षानुवर्षांच्या उन्हाचा परिणाम कोणतेही वरून लावलेले तूप-तेल पुसून टाकणार नाही. पण भिंतीतल्या फटी बुजवणे आणि आतली ओल राखणे हे घरच्या मलमाला उत्तम जमते. ओल राहिली, की कोरडेपणामुळे उठून दिसणाऱ्या बारीक रेषा मऊ पडतात, खाज थांबते आणि चेहरा शांत दिसतो. वय झालेल्या त्वचेची खरी गरज एवढीच आहे. तिला गोरेपणा नको, ओल हवी.

शतधौत घृत म्हणजे काय?

शत म्हणजे शंभर, धौत म्हणजे धुतलेले. शंभर वेळा पाण्याने धुतलेले तूप ते शतधौत घृत. आयुर्वेदात दाह, भाजणे आणि त्वचेचे विकार यांवर ते बाहेरून लावण्याची जुनी परंपरा आहे. चरकसंहितेत तापाच्या दाहासाठी हजार वेळा धुतलेल्या, म्हणजे सहस्रधौत घृताचाही उल्लेख आहे. आपण शंभरावर समाधान मानू.

धुतल्याने तुपात काय फरक पडतो, असे कोणी विचारील. साधे तूप चेहऱ्याला लावून पाहा. ते चिकट, रवाळ आणि वास मारणारे. तास-दोन तास पदराला डाग लागत राहतात. तेच तूप पाण्यात पुन्हा पुन्हा फेटले, की त्याचे कण मोडतात, पाण्याचे अतिशय बारीक थेंब आणि हवा त्यात अडकून बसतात आणि वास देणारी काही द्रव्ये धुऊन जातात. पिवळे तूप पांढरेशुभ्र आणि लोण्यापेक्षाही हलके होते. बाजारातल्या क्रीममध्ये यंत्राने तेल आणि पाणी एकजीव करतात. इथे ते काम आपला तळहात करतो.

कृती

साहित्य: घरी कढवलेले साजूक तूप ५० ग्रॅम, म्हणजे साधारण चार मोठे चमचे. उकळून गार केलेले पाणी सात-आठ लिटर. पसरट ताट किंवा छोटी परात. मोजण्यासाठी शंभर चिंचोके.

तूप ताजे आणि चांगले कढलेले असावे. बेरी राहिलेली नसावी, तूप गाळून घ्यावे. वनस्पती तूप घेऊ नये. बाजारच्या तुपात भेसळीची शंका असेल, तर साय साठवून घरीच लोणी काढावे.

हात कोपरापर्यंत साबणाने स्वच्छ धुवावेत, बांगड्या-अंगठ्या काढाव्यात, नखे कापलेली असावीत. तूप परातीत घ्यावे. त्यावर अर्धी वाटी पाणी घालावे आणि तळहाताने गोल गोल फेटावे. सुरुवातीला तूप आणि पाणी एकमेकांना ओळखही दाखवत नाहीत. तूप निसटते, पाणी उडते. दोनेक मिनिटे नेटाने फेटावे, मग परात तिरकी करून पाणी ओतून द्यावे. एक चिंचोका या बाजूचा त्या बाजूला करावा. पुन्हा अर्धी वाटी पाणी. असे शंभर वेळा.

दहा-पंधरा पाण्यांनंतर रंग फिका होऊ लागतो. तीस-चाळीस पाण्यांनंतर रवाळपणा जातो आणि तूप हाताला लोण्यासारखे लागते. पुढे ते पांढरे होते, फुलते आणि तुपाचा वास बराच कमी होतो. शंभरावे पाणी काढल्यावर गोळा परातीत दाबून सुटे पाणी निथळू द्यावे. पाणी तुपात मुरलेले असते, म्हणून सुरुवातीच्या तुपापेक्षा मलम अधिक भरते.

याला चार तास सहज लागतात. एकटीचा हात भरून येतो. म्हणून हे काम दोघींनी, आळीपाळीने आणि गप्पा मारत करावे. टँकरच्या दिवसांत सात-आठ लिटर पाणी म्हणजे चैन वाटेल. ओतून दिलेले पाणी बादलीत साठवावे आणि खरकटी भांडी विसळायला वापरावे.

परंपरेने यासाठी तांब्याचे भांडे घेतात आणि अनेक वैद्य त्याचाच आग्रह धरतात. औषधशाळेत जाणकारांच्या हाताखाली ते ठीक आहे. घरी मात्र मी स्टीलची परात घ्यायला सांगते. तांब्याच्या संपर्काने स्निग्ध पदार्थ लवकर खवट होतात, हे आपण कल्हई नसलेल्या भांड्यात पाहिलेलेच आहे.

तयार मलम उकळत्या पाण्यातून काढून पूर्ण वाळवलेल्या काचेच्या लहान बरणीत भरावे. बोट घालून काढू नये, कोरडा चमचा वापरावा. यात पाणी असते आणि टिकवणारे कोणतेही रसायन नसते, हे विसरू नये. थंडीत बाहेर दोन आठवडे, फ्रिजमध्ये महिनाभर, यापेक्षा जास्त ठेवू नये. खवट वास आला, ठिपके दिसले, रंग बदलला, की बिनदिक्कत टाकून द्यावे. अर्धा किलो तुपाचे एकदम करून वर्षभर पुरवण्याचा मोह टाळावा. लोणच्याला ते जमते, याला नाही.

लावायचे कसे?

हा भाग कृतीपेक्षाही महत्त्वाचा आहे. कोरड्या ठक्क चेहऱ्यावर मलम थापले, तर कोरडेपणावरच झाकण बसते. ओल आधी हवी, झाकण नंतर.

रात्री झोपण्यापूर्वी कोमट पाण्याने चेहरा धुवावा. साबण लावू नये. धूळ फार असेल तर सौम्य साबण दिवसातून एकदा पुरे. टॉवेलने खसाखसा पुसू नये, नुसते टिपून घ्यावे. चेहरा दमट असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, वाटाण्याएवढे मलम तळहातावर चोळून पातळ करावे आणि गाल, कपाळ, हनुवटी आणि गळा यांवर हलक्या हाताने लावावे. डोळ्यांच्या अगदी कडेला लावू नये. गळा आणि हातांची मागची बाजू आपण नेहमी विसरतो. वय तिथेही तितकेच दिसते.

त्वचा फारच कोरडी असेल, तर औषधाच्या दुकानातून साधे ग्लिसरीन आणावे. ओल्या तळहातावर त्याचे दोन-तीन थेंब घेऊन आधी चेहऱ्याला लावावेत आणि लगेच वरून मलम लावावे. ग्लिसरीन पाणी धरून ठेवते, तूप ते उडू देत नाही. नुसते दाट ग्लिसरीन लावू नये, ते चुरचुरते.

पहिल्यांदाच चेहऱ्याला लावू नये. कोपराच्या आतल्या बाजूला रोज रात्री थोडेसे, असे पाच दिवस लावून पाहावे. लाली, खाज, पुरळ आले नाही तर चेहऱ्याकडे वळावे. दुधाची ॲलर्जी असलेल्यांनी तुपाचे मलम टाळावे. ज्यांच्या चेहऱ्यावर तारुण्यपीटिका आहेत किंवा ज्यांची त्वचा तेलकट आहे, त्यांच्यासाठीही हे नाही.

तूप नको असेल तर

काहींना तुपाचा वास कितीही धुतला तरी नकोसा होतो. त्यांच्यासाठी पाणी नसलेले, म्हणून जास्त टिकणारे दुसरे मलम सांगते.

कोकणात रातांब्याच्या बियांपासून कोकमतेल काढतात. त्याचे मुठीत वळलेले फिकट गोळे मिळतात. कोणी त्याला मुठेल म्हणतात, कोणी भिरंडेल. कोकणी माणूस ओठ फुटले, टाचा भेगाळल्या की हेच लावतो. आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात ते मिळते. आपल्या भागाचे स्वतःचे तेल म्हणजे करडईचे. पारंपरिक करडईच्या तेलात लिनोलिक आम्ल भरपूर, सुमारे ७० टक्के किंवा त्याहून अधिक असते. मघाशी ज्या चुन्याचा उल्लेख केला, तो घडवायला त्वचेला हेच आम्ल लागते. म्हणजे कोकणचा गोळा आणि मराठवाड्याचे तेल यांची ही सोयरीक आहे.

किसलेले कोकमतेल दोन चमचे, शुद्ध केलेले करडईचे तेल चार चमचे आणि मधमाशांचे मेण किसून अर्धा चमचा घ्यावे. मेण खादी ग्रामोद्योगाच्या दुकानात विचारावे. मेणबत्तीचे मेण वापरू नये. पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यात वाटी बसवावी आणि तीत हे सर्व वितळवावे. थेट आचेवर ठेवू नये. वितळताच उतरवून गार होईपर्यंत चमच्याने ढवळत राहावे, म्हणजे रवाळ होत नाही. घट्ट वाटले तर पुढच्या वेळी तेल एक चमचा वाढवावे. ओला हात लागू दिला नाही, तर दोन महिने चांगले राहते. लावण्याची रीत तीच, दमट चेहऱ्यावर आणि अगदी थोडे.

आणि ज्यांना यातले काहीच करायला वेळ नाही, त्यांनी मनाला लावून घेऊ नये. औषधाच्या दुकानातली बिनवासाची साधी पेट्रोलियम जेली ओल राखण्यात कोणाला हार जात नाही. घरचे ते सगळे चांगले आणि दुकानातले ते सगळे वाईट, असे मी म्हणणार नाही.

"या वयात तोंडाला काय लावायचं?"

मागच्या थंडीत बहात्तर वर्षांच्या एक आजी दवाखान्यात आल्या. गालांवर खपल्या, कपाळावर ओरखडे. रात्रभर खाजवत असत, झोप नव्हती. एका ओरखड्यात पू झाला होता. मी विचारले, "आजी, तेल-तूप काही लावत नाही का?" त्या काही बोलेनात. सून म्हणाली, "बाबा गेल्यापासून त्या तोंडाला काहीच लावत नाहीत. लोक नावं ठेवतील म्हणतात."

अशा आजी आपल्या जिल्ह्यात गल्लोगल्ली आहेत. कुंकू गेले त्या दिवशी आरसाही गेला. चेहऱ्याला काही लावणे म्हणजे नटणे, आणि नटणे म्हणजे शोभत नाही, असा हिशेब. मी त्यांना एवढेच म्हटले, "आजी, गुडघ्याला तेल चोळता ना? ती कातडी आणि ही कातडी एकच. गुडघ्याला औषध आणि गालाला शृंगार, असं कसं?" त्या हसल्या. पू झालेल्या जागेवर आठवडाभर औषध दिले आणि सुनेला शतधौत घृताची कृती लिहून दिली.

पुढच्या खेपेस खपल्या गेल्या होत्या. सून सांगत होती, की तूप धुण्याचे काम आजींनी स्वतःकडेच घेतले आहे आणि सत्तराव्या-ऐंशीव्या पाण्याला शेजारच्या दोघी येऊन बसतात. आजी म्हणाल्या, "झोप लागते आता." एवढ्यासाठीच हा लेख आहे. कोरडेपणातून खाज, खाजेतून ओरखडा, ओरखड्यातून जंतुसंसर्ग आणि या सगळ्यात झोप नाही, ही साखळी तोडायची आहे. ती तोडायला वय आड येत नाही आणि वैधव्य तर मुळीच नाही. घरातल्या लेकी-सुनांनी ही गोष्ट आपणहून हाती घ्यावी.

हे चेहऱ्याला लावू नका

लिंबू. रस आम्लधर्मी असतो आणि तो लावून उन्हात गेले, तर त्वचा भाजून काळे पट्टे उमटू शकतात. खाण्याचा सोडा. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, सोडा तिचा तोल बिघडवतो. खरखरीत उटणे, मीठ, साखर यांनी पातळ झालेली त्वचा घासणे म्हणजे जुन्या धोतराला धोक्याने बडवणे. कापूर आणि पुदिन्याचा अर्क गार वाटतो, पण कोरड्या त्वचेला झोंबतो.

आणि सर्वांत मोठी शत्रू म्हणजे दुपार. मलम रात्री लावले आणि सकाळी दहा ते चार उघड्या डोक्याने हिंडलात, तर रात्रीचे काम दिवसा वाया जाते. पदर, टोपरे, रुंद काठाची टोपी, छत्री यांतले काहीतरी हवेच. त्वचेला म्हातारी करणारे किरण खिडकीच्या काचेतूनही येतात, हे एसटीत खिडकीशी बसणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. तूप-तेल उन्हापासून संरक्षण देत नाही.

बिननावाच्या डबीपासून सावध

आता ज्या कारणासाठी मी हा विषय घेतला, ते सांगते. एक निवृत्त शिक्षिका माझ्याकडे आल्या. मुलीच्या लग्नाआधी चेहरा उजळावा म्हणून कोणीतरी त्यांना एक मलमाची नळी सुचवली. एका दुकानातून ती चिठ्ठीशिवाय मिळाली. आठ दिवसांत चेहरा खरोखरच उजळला आणि मऊ झाला. लग्न झाले, पण मलम सुटले नाही, कारण थांबवले की चेहरा लाल होऊन आग होई. आठ महिन्यांनी त्या आल्या तेव्हा गालांची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली होती आणि आतल्या लाल शिरा मोजता येत होत्या. उन्हात दोन मिनिटे उभे राहवत नव्हते.

त्या नळीत स्टेरॉईड होते. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन अशी नावे नळीवर बारीक अक्षरांत असतात. ही औषधे वाईट नाहीत. ठराविक रोगावर, ठराविक दिवस, डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती गुणकारी आहेत. पण रोजचे क्रीम म्हणून चेहऱ्याला लावली, तर ती त्वचा पातळ करतात. वय झालेली त्वचा आधीच पातळ, तिची काय अवस्था होईल? डोळ्यांजवळ दीर्घकाळ लावल्यास काचबिंदू, मोतीबिंदूचाही धोका असतो. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक स्टेरॉईड मलमे 'शेड्यूल एच'मध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या औषधांत, आणली. कायदा आहे, पण गिऱ्हाईकानेही मागू नये ना!

दुसरा धोका पाऱ्याचा. झटपट गोरे करणाऱ्या, नाव-पत्ता नसलेल्या काही क्रीममध्ये पारा सापडतो. तो त्वचेतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडाला इजा करतो. २०२३ मध्ये केरळमधल्या मलप्पुरम जिल्ह्यात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे रुग्ण तपासताना डॉक्टरांना त्यांच्यात गोरेपणाच्या क्रीमचा समान धागा सापडला. डबीवर उत्पादकाचे नाव, पत्ता, घटकांची यादी आणि परवाना क्रमांक नसेल, तर ती डबी कोणीही, कितीही प्रेमाने दिली तरी घेऊ नका.

जे आधीच असे स्टेरॉईड मलम महिनोन्‌महिने लावत आहेत, त्यांनी हा लेख वाचून ते एकदम फेकून देऊ नये. अचानक थांबवल्यास त्रास उसळतो. नळी सोबत घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. त्या शिक्षिकेला मी त्यांच्याकडेच पाठवले. चेहरा निवायला वर्षाच्या आसपास काळ लागला. शिरा अजून थोड्या दिसतात.

वाचकांचे प्रश्न

*तूप लावल्याने सुरकुत्या जातील का?* खोल सुरकुत्या जाणार नाहीत. कोरडेपणाच्या बारीक रेषा कमी दिसतील. रोज लावले, तर दोन-तीन आठवड्यांत फरक कळतो. लावणे थांबवले, की पुन्हा कोरडेपणा येतो. हे जेवणासारखे आहे, एकदा जेवून वर्ष निघत नाही.

*मलमात हळद, केशर, गुलाबपाणी घालावे का?* नको. जितक्या वस्तू वाढतात, तितकी ॲलर्जीची शक्यता आणि नासण्याची घाई वाढते. गुलाबपाणी घातले तर मलम लवकर बिघडते.

*भरपूर पाणी प्यायल्याने त्वचा ओली राहते का?* तहानेप्रमाणे पाणी प्यावेच, ते शरीराला हवे. पण भिंतीला फटी असतील, तर घागरीने प्यायलेले पाणीही चेहऱ्यावर टिकत नाही. फटी बाहेरून बुजवाव्या लागतात.

*माझ्या अंगभर खाज आहे, पुरळ काही नाही. हे मलम चालेल का?* मलम लावा, पण आधी तपासणी करा. उतारवयात पुरळ नसताना सर्वांगाला खाज येणे हे मधुमेह, थायरॉईड, मूत्रपिंड किंवा यकृताच्या विकाराचे लक्षण असू शकते. तसेच चेहऱ्यावरची जखम महिनाभरात भरत नसेल, तिळाचा आकार किंवा रंग बदलत असेल, त्यातून रक्त येत असेल, तर घरगुती उपायात वेळ घालवू नका. ताबडतोब डॉक्टरांना दाखवा.

थोडक्यात लक्षात ठेवा

चेहरा कोमट पाण्याने धुवा, साबण कमी करा. दमट चेहऱ्यावरच मलम लावा. थोडे बनवा, कोरड्या चमच्याने काढा, खवट झाले की टाका. दुपारचे ऊन टाळा. नाव-पत्ता नसलेली डबी आणि चिठ्ठीशिवाय घेतलेली नळी चेहऱ्याला लावू नका. आणि घरात एखाद्या आजी "मला काय करायचंय आता" म्हणत असतील, तर या रविवारी परात, तूप आणि शंभर चिंचोके घेऊन त्यांच्याजवळ बसा.

(पुढील आठवड्यात: टाचांच्या भेगा आणि मधुमेहींनी घ्यायची पायांची काळजी)